भरिताचं ऑनलाईन आवतण

हितेंद्र बोरसे यांना वेबसाईटी सापडत. इतरांना त्या कोणीतरी पाठवतं, किंवा बोट घसरून उघडतात. बोरशांना त्या सापडत. काढणी होऊन गेलेल्या शेतात काही माणसांना बरोबर राहिलेल्या शेंगा सापडतात, तशा. जळगावातल्या एका कॉलेजात ते ग्रंथपाल होते, आणि सापडलेलं ज्ञान वाचकाच्या हाती दिलंच पाहिजे हा धंद्याचा संस्कार हाडात मुरलेला. कॉलेजच्या वाचनालयात आता मुलं फक्त पंख्याखाली बसायला येत असल्यामुळे हे ज्ञान सगळंच्या सगळं कॉलनीच्या वाट्याला येई.

डोक्यावरून चाललेलं विमान कुठून निघालं आणि कुठे पोचणार हे दाखवणारी वेबसाईट त्यांना सापडली, तेव्हा ते संध्याकाळी गच्चीवर उभं राहून शेजारच्या सुरेशचंद शेठना सांगू लागले, "शेठजी, हे दोहाहून आलंय. हनोईला चाललंय."

सुरेशचंद शेठचं हार्डवेअरचं दुकान. त्यांनी वर पाहिलं. "जळगावात थांबतं का?"

"नाही."

"मग आपल्याला काय त्याचं, हितेंद्रभाऊ?"

प्रश्न बिनतोड होता. पण दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला शेठ दुकानातून लवकर येऊन स्वतःच्या गच्चीवर उभे होते आणि "आज हनोई लेट दिसतंय" म्हणत होते. चांगल्या वेबसाईटची हीच खूण. आधी ती निरुपयोगी वाटते आणि मग तिच्यावाचून करमत नाही.

मग पृथ्वीचा गोळा फिरवून कुठल्याही गावावर बोट ठेवलं की तिथला रेडिओ ऐकवणारी साईट आली. बोरशांच्या पत्नी कामिनीताई लसूण सोलताना आइसलँड लावू लागल्या. भाषा कळत नव्हती, पण सकाळची निवेदिका सासरी सुखी नाही एवढं त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यानंतर आली फोटोतली मागची गर्दी पुसून टाकणारी साईट. बोरशांनी तिला एका लग्नातला घरचा फोटो दिला. तिने पापणी लवायच्या आत मांडव पुसला, खुर्च्या पुसल्या, उभा पंखा पुसला आणि कामिनीताईंचे शिंदखेड्याचे बंधूही पुसले. यावरून घरात काही काळ अबोला होता. बोरशांचं मत मात्र आतून साईटच्या बाजूने पडलं होतं.

एवढं सविस्तर सांगायचं कारण असं, की पुढे जे रामायण झालं त्यात कोणत्याही वेबसाईटचा काडीचाही दोष नव्हता. प्रत्येकीने जे कबूल केलं ते चोख केलं, वेळेवर केलं आणि वर आभार मानले. असं काम करणारं माणूस जिल्ह्यात शोधूनही सापडलं नसतं.

झालं ते भरीत पार्टीवरून.

बोरशांचं एरंडोलजवळ वडिलोपार्जित शेत होतं, दोघा भावांचं मिळून. थोरले उखर्डूनाना धुळ्याला असत. निवृत्त ड्रिल मास्तर. त्यांच्या आधीची दोन मुलं दगावली म्हणून आईने नजर लागू नये असं नाव ठेवलं. धाकट्याच्या वेळेपर्यंत घरात रेडिओ आला होता, त्यामुळे तो हितेंद्र झाला. दर हिवाळ्यात शेतावर भरीत पार्टी व्हायची. हिरवी, बुटकी, लठ्ठ वांगी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, आणि ठेचायची ती नानांनीच. दुसऱ्या कोणी मुसळ हातात घेतलं तर नाना काही बोलत नसत, नुसते बघत. वर्षानुवर्षं शाळेच्या मैदानावर पोरांकडे बघून कमावलेली ती नजर होती. मुसळ आपोआप खाली ठेवलं जाई.

वडील गेल्यापासून दोन्ही घरं एका पंगतीला बसायची ती या एकाच दिवशी. एरवी धुळ्याचे धुळ्यात, जळगावचे जळगावात. म्हणून या वर्षी बोरशांनी "सगळं ऑनलाईन करतो" अशी घोषणा केली, तेव्हा कामिनीताईंनी लसणाची पाकळी बाजूला ठेवून एकच अट घातली. "काय हवं ते करा. वांगी कच्ची राहिली तरी चालतील, पण नाना आले पाहिजेत."

"येतील की. न यायला काय झालं?"

आजवर आवतण द्यायला बोरसे स्वतः घरोघरी जात. प्रत्येक घरी चहा. चौथ्या घरापासून पोटात जळजळ. शिवाय प्रत्येक घरी मागच्या वर्षीच्या भरितात मीठ कसं होतं यावर चर्चा. या वर्षी त्यांना पाहुणे बोलावणारी वेबसाईट सापडली होती. चित्र निवडा, मजकूर लिहा, सगळ्यांच्या फोनवर धाडा. खाली दोन बटणं, 'येणार' आणि 'येणार नाही'. कोण काय दाबतंय ते यजमानाला घरबसल्या दिसतं. वांगी किती लागतील तेही साईटच सांगते. आणि उत्तर देणाऱ्याला ती यजमानाच्या वतीने लगेच प्रतिसाद पाठवते. प्रतिसादाचा सूर कसा हवा तेही आपण निवडायचं: औपचारिक, आपुलकीचा की खेळकर.

"बघा शेठजी," बोरसे म्हणाले. "सूरसुद्धा निवडता येतो."

सुरेशचंद शेठ वांगं खात नसत. त्यांच्या धर्मात ते वर्ज्य, कांदा-लसूण तर नावच काढू नका. त्यामुळे भरिताबद्दलची त्यांची मतं अतिशय निःपक्षपाती असत. "पार्टी आहे भाऊ, सुतक नाही. खेळकर दाबा," ते म्हणाले. बोरशांनी खेळकर दाबलं. "आणि वांगं घेताना देठ बघा. देठ काटेरी पाहिजे. मी खात नाही, पण वांग्याचं मला कळतं."

आवतणं गेली. बोरसे फोन पुढ्यात ठेवून बसले. कॉलनीतून टपाटप 'येणार' पडू लागले. शेठनीही 'येणार' दाबलं. "मी येणार, पण खाणार नाही, यासाठी बटण कुठलं?" असं त्यांनी विचारलं. असं बटण नव्हतं. बोरशांनी साईटला तशी सूचना पाठवली आणि सूचनेबद्दल आभार मानणारा निरोप लगेच आला. शेठ हेलावले. "महापालिकेला मी गटारीबद्दल किती वेळा लिहिलं. कोणी ओ दिली नाही."

नातेवाइकांची उत्तरंही आली. शिरपूरची आत्या: येणार नाही. पिंपळनेरचे मामा: येणार नाही. शिंदखेड्याचे पुसलेले बंधू: येणार नाही. आणि धुळ्याहून उखर्डूनाना: येणार नाही.

बोरसे जरा चमकले. पण साईटने लगेच वांग्यांचा आकडा कमी केला, तेलाचा कमी केला, पत्रावळी कमी केल्या. ती तत्परता पाहून त्यांना वाईट वाटायला सवडच मिळाली नाही. ते स्वयंपाकघरात गेले. "अगं, यंदा नातेवाईक नाहीत. नानांचंही नाही आलंय. काही अडचण असेल."

कामिनीताईंनी आइसलँड बंद केलं.

"नाही आलंय म्हणजे?"

"म्हणजे नाही दाबलंय."

"अहो, मग ते दाबणारच! पहिल्या विचारण्याला कोणी हो म्हणतं का? तुम्ही माझ्या माहेरी जेवायला बसता, तेव्हा पहिल्या वाढीला काय म्हणता?"

"नको म्हणतो."

"आणि मग?"

मग ते पुरणाचे मांडे हादडत, हे दोघांनाही माहीत होतं.

"आपल्यात पहिलं नाही हे नुसतं खाकरणं असतं," कामिनीताई म्हणाल्या. "दुसऱ्यांदा विचारलं की माणूस 'बघतो' म्हणतं. तिसऱ्यांदा हाताला धरलं की चप्पल शोधायला लागतं. आणि कॉलनीवाल्यांनी एकेक 'येणार' दाबलंय, ते एका माणसाचं समजू नका. त्यांनी ते चूलबंद आवतण धरलंय. घरातली सगळी येणार, आलेला पाहुणाही येणार, त्या दिवशी कोणाकडे चूल पेटायची नाही. तुमच्या साईटनं वांगी किती सांगितली?"

बोरशांनी सांगितलं.

"तेवढी तर शेजारच्या पाटलांचा जावई एकटा खाईल."

बोरशांनी धुळ्याला फोन लावला. वहिनींनी, दीपमालाताईंनी, उचलला.

"वहिनी, नाना आहेत का?"

"आहेत. समोरच बसलेत. पण बोलणार नाहीत म्हणतात."

"का बरं?"

"भाऊजी, त्यांनी नाही दाबलं तर तुम्ही काय पाठवलंत ते बघा ना जरा. मी वाचते. 'काही हरकत नाही! तुमच्याशिवायही कार्यक्रम झकास होईल!' पुढे नाचणाऱ्या माणसाचं चित्र आहे."

मागून नानांचा आवाज आला. "त्याले सांग, व्हऊ दे झकास! बठ्ठं झकास शे ना, मंग मन्हं काय काम शे?"

फोन ठेवला गेला. नाना रागावले की मराठी सोडून अहिराणीत शिरत. हे आजवर जमीन मोजणीच्या वेळी आणि एकदा शाळा तपासणीच्या वेळी झालं होतं. दोन्ही प्रकरणं निस्तरायला बराच काळ गेला होता.

अशा वेळी साध्या माणसाने एसटी पकडली असती. बोरशांनी वेबसाईट शोधली.

आणि सापडलीही. कोणत्याही प्रसंगाला साजेसं पत्र लिहून देणारी. प्रसंग सांगा, नातं सांगा, भाषा सांगा. बोरशांनी घाईत 'दिलगिरी', 'वरिष्ठ' आणि 'मराठी' एवढं निवडलं. क्षणात पत्र तयार. शुद्धलेखनाची एक चूक नाही, कॉलेजच्या परिपत्रकातसुद्धा असं मराठी कित्येक वर्षांत आलं नव्हतं. त्या कौतुकाच्या भरात मजकुराकडे नीट लक्ष न देता त्यांनी ते नानांना पाठवून दिलं.

संध्याकाळी वहिनींचा फोन. "भाऊजी, हे कसलं पत्र? 'आदरणीय महोदय, आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपण आमच्यासाठी महत्त्वाचे आहात. आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे.' नाना विचारताहेत, तक्रार कोणी केली? मी काय सिलिंडर मागवला होता?"

कॉलनीत बातमी पसरली. सल्ले सुरू झाले. पाटील म्हणाले, नानांच्या साडूला मध्ये घाला. मयुरीने, बोरशांच्या पुण्यातल्या लेकीने, फोनवर सांगितलं, "पप्पा, प्लीज आता काही पाठवू नका." हा सगळ्यांत शहाणा सल्ला असल्यामुळे तो कोणी मनावर घेतला नाही. सुरेशचंद शेठ म्हणाले, "जुनी आठवण काढा भाऊ. आठवणीनं माणूस पाघळतं. आमच्या मंडळींचं, सायरबाईचं, माहेराशी बिनसलं होतं, तेव्हा मी जुना फोटो फ्रेम करून दिला. आता ती माहेराहून परतच येत नाही."

फोटो म्हटल्यावर बोरशांचे डोळे लकाकले. जुन्या फोटोत जीव भरणारी एक साईट त्यांनी राखून ठेवली होती. पेटीतून त्यांनी वडिलांचा एकुलता एक फोटो काढला. धोतर, टोपी, मांडीवर मुठी, शेजारी चड्डीतले नाना. साईटने तो रंगवला, सुरकुत्या काढल्या, आणि मग, काय सांगावं, वडील हलले. त्यांनी पापण्या मिटल्या, उघडल्या, मान किंचित वळवली आणि ते गोड हसले.

बोरशांच्या डोळ्यांत पाणी आलं. कामिनीताईंनीही पदर डोळ्यांना लावला. अशी वेबसाईट ज्याने केली त्याच्या हाताला देवानेच गुण दिला असला पाहिजे. चित्रफीत धुळ्याला रवाना झाली.

पण वडील उभ्या आयुष्यात कधी हसले नव्हते. नाना परीक्षेत पहिले आले तेव्हा नाही, बैलजोडी आली तेव्हा नाही, नातू झाला तेव्हा नाही. थोरला असल्यामुळे नानांनी त्यांचं हे न हसणं धाकट्यापेक्षा बरंच जास्त सोसलं होतं. वहिनींच्या सांगण्याप्रमाणे नानांनी फोनकडे पाहिलं, फोन पालथा ठेवला, देवापुढे दिवा लावला आणि "बाबा हसना. काहीतरी वंगाळ व्हनार शे" एवढंच म्हणाले.

आता बोरसे मनापासून घाबरले. आणि त्यातच त्यांना दिसलं की आवतणाची साईट रोज सकाळी, न चुकता, 'येणार नाही' म्हणणाऱ्या प्रत्येकाला आपणहून एक आठवण पाठवत होती. सूर अर्थातच खेळकर. 'तुम्ही येणार नाही असं कळवलं आहे! अजूनही वेळ आहे, विचार बदलला का?' शेजारी डोळा मारणारं वांगं.

एकसष्ट वर्षांच्या निवृत्त ड्रिल मास्तरांना रोज सकाळी एक वांगं डोळा मारत होतं, आणि तेही धाकट्या भावाच्या नावाने.

हे ताबडतोब थांबवणं भाग होतं. थांबवण्याची सोय साईटवर होती, सोय नाही असं काही तिथे नव्हतंच. फक्त त्यासाठी आपण माणूस आहोत हे सिद्ध करावं लागत होतं. नऊ चौकोनांत चित्रं आली. ज्यांत आगीचा नळ आहे ते चौकोन निवडा. बोरशांनी चष्मा पुसला. ज्याचं सगळं आयुष्य जळगावात गेलं त्याने आगीचा नळ कुठे पाहायचा? आग लागली की इथे टँकर येतो, आणि टँकरच्या मागून पाण्याच्या कळश्या घेऊन बाया येतात. त्यांनी अंदाजाने पिवळं काहीतरी दाबलं. मग आले झेब्रा क्रॉसिंग. ते रस्त्यावर मारलेले असतात अशी माहिती जळगावकरांना असते, पण इतक्या ठसठशीत रूपात त्यांनी ते पाहिलेले नसतात. साईटने नम्रपणे कळवलं की ते माणूस असल्याची खात्री पटत नाही, कृपया पुन्हा प्रयत्न करा.

सुरेशचंद शेठ खांद्यावरून पाहत होते. "तो कोपऱ्यातला दाबा. मी हार्डवेअरवाला आहे, मला नळ कळतो."

शेठनी सांगितलेला चौकोन दाबताच साईटने दार बंद केलं आणि काही वेळाने यायला सांगितलं. इतका काटेकोर पहारा बोरशांनी सरकारी कचेरीतसुद्धा पाहिला नव्हता. तिथे निदान ओळखीने काम होतं.

पार्टीचा दिवस उजाडला. वांगं आजही डोळा मारून गेलं असणार.

"झालं तेवढं पुष्कळ झालं," कामिनीताई म्हणाल्या. "शेताचं मी बघते. तुम्ही उठा, धुळ्याला जा, नानांना हाताला धरून घेऊन या. ते नाहीत तर मी चूल पेटवायची नाही."

"रिकाम्या हाताने थोरल्याच्या दारात जाऊ नये," सुरेशचंद शेठ म्हणाले. त्यांनी नारळ आणला, टॉवेल-टोपी आणली आणि स्वतःची गाडीही काढली. "आणि एकट्यानं तर जाऊच नये. दारात शिव्या खायच्या झाल्या तर वाटून घेता येतात."

रस्त्याने नकाशाची साईट मार्ग सांगत होती. कुठे खड्डे आहेत, कुठे काम चालू आहे, कुठे वळायचं, सगळं तिला ठाऊक. पारोळ्याच्या पुढे तिने एका वळणावर सुचवलेला रस्ता शेठनी नाकारला ("मी तीस वर्षं या रस्त्यानं माल आणतो") आणि ते एका खळ्यात जाऊन पोचले. साईट रागावली नाही, टोमणा मारला नाही. "मार्ग पुन्हा शोधत आहे," एवढंच म्हणाली. कामिनी या प्रसंगी काय म्हणाली असती याचा विचार करून बोरशांना त्या बाईचा आवाज फारच संस्कारी वाटला.

धुळ्यात, देवपुरातल्या नानांच्या दाराला कुलूप होतं.

नारळ हातात, टोपी काखेत, भाऊ बेपत्ता. वडील हसले होते ते उगीच नाही, असं त्यांना वाटून गेलं.

शेजारच्या गॅलरीतून जरीनाआपांनी वाकून पाहिलं. नानांच्या घराची दुसरी किल्ली पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे असे. "अरे, तुम्ही सरांचे भाऊ ना? सर तर सकाळीच निघाले. वहिनीपण. डिक्कीत वांग्याचं पोतं टाकलं, मुसळ घेतलं आणि गेले."

"कुठे?"

"आता मुसळ घेऊन माणूस कुठे जातो भाऊ? तुमच्या शेतावर!"

बोरसे ओट्यावरच बसले. "पण ते तर... रागावले होते ना?"

"होते तर. पहिल्या दिवशी मेसेज आला तेव्हा फोन फेकणारच होते. दुसऱ्या दिवशी मला गॅलरीतून ओरडून वाचून दाखवला. म्हणाले, जरीना, बघ, पुन्हा विचारलं. मी म्हटलं, सर, आता तुम्ही जरा 'बघतो' म्हणा. तिसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तर दाढी करताना गुणगुणत होते. चौथ्या दिवशी मेसेज यायला थोडा उशीर झाला, तर सकाळपासून दोनदा विचारून गेले, तुझ्या फोनला रेंज आहे का?" जरीनाआपा हसल्या. "भाऊ, ती जी कोणी आहे ती फार वळणाची आहे. एवढा आग्रह आजकाल सख्खे करत नाहीत."

सुरेशचंद शेठनी स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "त्या पहाऱ्याचे उपकार, हितेंद्रभाऊ," ते गंभीरपणे म्हणाले. "तुम्ही माणूस ठरला असता, तर मेसेज बंद झाले असते."

परतीच्या वाटेवर डोक्यावरून एक विमान गेलं. कुठलं ते बोरशांनी पाहिलं नाही.

शेतावर पोचले तर बांधापर्यंत माणसं. कॉलनी चूलबंद आलीच होती, घरोघरचे पाहुणे धरून. शिरपूरची आत्या बाजेवर बसली होती, पिंपळनेरचे मामा पऱ्हाट्या मोडत होते, आणि शिंदखेड्याचे बंधू प्रत्येक फोटोत मध्यभागी उभे होते. प्रत्येक 'येणार नाही' आपापल्या पोराबाळांसह हजर होता. आत्या सगळ्यांना सांगत होती, "मन्ही इच्छा नव्हती, पन रोज रोज इतलं इचारं, तर मन मोडता येस का कोनं?"

वांगी अर्थातच पुरत नव्हती. नानांचं पोतं होतं म्हणून अब्रू राहिली, आणि पोत्यालाही तळ दिसल्यावर सुरेशचंद शेठनी एरंडोलच्या ओळखीच्या दुकानातून शेव आणवली. मोठ्या पातेल्यात शेवभाजीचा लाल रस्सा रटरटू लागला. शेठ स्वतः ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीला दही लावून खात होते आणि भरितात मिरची किती हवी ते सांगत होते.

बडगीपाशी नाना होते. बाह्या सरसावलेल्या, मुसळ वर-खाली, कपाळावर घाम. बोरसे जाऊन समोर उभे राहिले. नानांनी मान वर केली नाही.

कामिनीताईंनी नवऱ्याला बाजूला घेतलं. "नाना इथे आले तेव्हा मी मुद्दामच तुम्हाला फोन केला नाही. केला असता तर तुम्ही अर्ध्या रस्त्यातून परत फिरला असतात. कोणीतरी त्यांच्या दारापर्यंत जायला हवं होतं." आणि जरा थांबून म्हणाल्या, "तुम्ही गेला होतात हे जरीनाआपांनी इकडे कळवलंय नानांना. नारळासकट."

बोरसे पुन्हा बडगीपाशी गेले. "नाना, चुकलं माझं."

मुसळ थांबलं.

"ते यंत्र शे हाई माले समजस," नाना म्हणाले. "मी काय येडा नही. पन यंत्रले जे समजनं ते तुले नही समजनं." आणि मुसळ पुन्हा सुरू झालं.

पंगत बसली. माणसं दाटीवाटीने केळीच्या पानांवर, मुलं बांधावर. बोरसे बसले नाहीत. यजमानाने शेवटी बसायचं असतं हे एक कारण होतं. दुसरं असं, की इतक्या दिवसांच्या धडपडीनंतर आपल्या आग्रहाची कोणाला गरजच पडली नाही, हे त्यांना लागलं होतं. ते जांभळाखाली कोपऱ्यात उभे राहून पाणी वाढणाऱ्यांना सूचना करत राहिले. पाणी वाढणाऱ्यांना सूचनांची गरज नव्हती.

भरिताची कोपर, म्हणजे मोठी परात, घेऊन नाना वाढायला उठले. वाढत वाढत ते रांगेच्या टोकाला आले. तिथे एक पान रिकामं होतं. त्यांनी मान फिरवून जांभळाकडे पाहिलं. मैदानावरची ती नजर.

बोरसे निमूट येऊन पानावर बसले. पण मन अजून दुखावलेलं होतं, आणि शेवटी तेही खानदेशातच जन्मलेले. त्यांनी पानावर आडवा हात धरला.

"नको नाना. मला खरंच भूक नाही."

नानांनी डाव्या हाताने तो हात बाजूला केला आणि मोठी पळी भरून, तेल सुटलेलं गरम भरीत धप्पकन पानात वाढलं.

"तुले कोन इचारी ऱ्हायना?" ते म्हणाले. "खाय गुपचूप."